क्वेबेकमधल्या फ्रेंच घराण्याची वंशावळ: लग्नाची नोंद धरा आणि वर चढा

मॉन्ट्रियल, ओटावा, बॉस्टन या बाजूच्या मराठी घरांत आता त्रांब्ले, गान्यों, बुशार अशा आडनावांचे सुना-जावई आले आहेत. नातवंडं शाळेतून वंशवृक्षाचा तक्ता घेऊन येतात. आपल्या बाजूसाठी पुण्याला आणि कुडाळला फोन लागतात, पणजोबांच्या वडिलांच्या नावावरून दोन काकांत वाद होतो आणि गाडी तिथेच अडते. व्याह्यांची बाजू तर कोरीच राहते. "पूर्वज फ्रान्सहून आले, एवढं माहीत आहे," असं ते सांगतात आणि विषय जेवणाकडे वळतो. खरं तर ही कोरी बाजूच भरायला सोपी. क्वेबेकमधल्या जुन्या फ्रेंच घराण्याची वंशावळ बसल्या जागी, फारसा खर्च न करता साडेतीनशे वर्षं मागे नेता येते, आणि तीही बायकांच्या माहेरच्या नावांसकट.

हे काम कधीच केलं नाही आणि फ्रेंच जेमतेम येतं, अशांसाठी हा लेख आहे.

आधी थोडी पार्श्वभूमी

शांप्लेंने १६०८ मध्ये क्वेबेक वसवलं. १६३४ मध्ये त्र्वा-रिव्हिएर आणि १६४२ मध्ये मॉन्ट्रियल आलं. १७६० मध्ये मॉन्ट्रियल ब्रिटिशांच्या हाती पडलं तेव्हा सेंट लॉरेन्स नदीकाठची सगळी फ्रेंच वस्ती सत्तर हजारांच्या आसपास होती. त्यानंतर फ्रान्सहून येणाऱ्यांचा ओघ जवळजवळ आटला. म्हणजे आजच्या लाखो फ्रेंच कॅनेडियनांचे पूर्वज मुख्यतः त्या दीडशे वर्षांत आलेल्या काही हजार माणसांतच शोधायचे आहेत.

ही वस्ती जवळजवळ सगळी कॅथलिक होती. बाप्तिस्मा, लग्न आणि दफन या तिन्हींची नोंद पॅरिशचा, म्हणजे एका चर्चच्या हद्दीतल्या वस्तीचा, पाद्री करायचा. सतराव्या शतकाच्या उत्तरार्धापासून नोंदवहीच्या दोन प्रती ठेवायचा नियम लागू झाला. एक प्रत चर्चमध्ये राहायची, दुसरी न्यायालयात जायची. चर्चला आग लागली तरी दुसरी प्रत वाचायची. ब्रिटिश आले तरी त्यांनी ही पद्धत मोडली नाही, आणि १९९४ मध्ये सरकारने जन्म-मृत्यू-विवाहाची नोंदणी पूर्णपणे स्वतःकडे घेईपर्यंत ती या ना त्या रूपात चालू राहिली. त्र्यंबकेश्वरच्या तीर्थोपाध्यायांच्या वहीत आपलं कुटुंब यात्रेला गेलं तरच सापडतं. इथल्या पाद्र्याच्या वहीत मात्र माणूस जन्मला, बोहल्यावर चढला आणि गेला, तिन्ही वेळा सापडतो.

पहिली पायरी: जिवंत माणसांकडून सुरुवात

व्याही-विहिणींशी बोला, पण "तुमचे पूर्वज कोण?" असं विचारू नका. "तुमच्या आजीआजोबांचं लग्न कुठल्या चर्चमध्ये लागलं?" असं विचारा. पहिल्या प्रश्नाला दंतकथा मिळतात, दुसऱ्याला पत्ता मिळतो. जुन्या घरांत प्रार्थनापुस्तकाच्या पानांत अंत्यविधीच्या वेळी वाटलेली लहान छापील कार्डं ठेवलेली असतात. त्यावर फोटो, मृत्यूची तारीख, वय आणि बहुतेकदा नवऱ्याचं किंवा बायकोचं नाव असतं. ती सगळी मोबाइलवर टिपून घ्या.

एक गोष्ट लक्षात ठेवा. १९८१ पासून क्वेबेकमध्ये लग्नानंतर कायद्याने बाईचं जन्मनावच कायम राहतं. त्याआधी लग्न झालेल्या आज्या व्यवहारात नवऱ्याचं आडनाव लावत, त्यामुळे घरात त्या 'मादाम त्रांब्ले' असतात. चर्चच्या वहीत मात्र त्या कायम माहेरच्याच नावाने आहेत. म्हणून आजीचं माहेरचं आडनाव कळल्याशिवाय पुढे जाऊ नका.

विसाव्या शतकाचा पूर्वार्ध पार करणं हाच काय तो नाजूक टप्पा, कारण अलीकडच्या नोंदी खासगीपणाच्या नियमांमुळे बंद असतात. इथे जनगणना उपयोगी पडते. कॅनडात जनगणनेची माणसागणिक माहिती ९२ वर्षांनी खुली होते. १९३१ ची २०२३ मध्ये खुली झाली. लायब्ररी अँड आर्काइव्ह्ज कॅनडाच्या संकेतस्थळावर ती फुकट पाहता येते. त्यात आजोबा सात-आठ वर्षांचे, शेजारी त्यांचे आईवडील आणि दहा भावंडं असं अख्खं घर एका पानावर सापडतं. जुन्या वर्तमानपत्रांतल्या मृत्युसूचनाही बघा. क्वेबेकच्या राष्ट्रीय ग्रंथालय आणि अभिलेखागाराने, ज्याला सगळे 'बान्क' म्हणतात, पुष्कळ वर्तमानपत्रं ऑनलाइन ठेवली आहेत.

एवढ्या खटाटोपातून तुम्हाला एकच गोष्ट हवी आहे: १९४० च्या आधी लागलेलं एक लग्न, त्यातल्या नवरा-नवरीच्या पूर्ण नावांसकट.

दुसरी पायरी: लग्नावरून लग्नावर

नवखी माणसं जन्मतारखांच्या मागे लागतात आणि थकतात. इथली किल्ली लग्नाची नोंद आहे. तीत नवऱ्याचे आईवडील आणि नवरीचे आईवडील अशी चारही नावं असतात, दोन्ही आयांची माहेरची आडनावं धरून. म्हणजे एक लग्न सापडलं की त्याच्या वरची दोन लग्नं शोधायला लागणारी नावं हातात आली. त्या आईवडिलांचं लग्न शोधा, मग त्यांच्या आईवडिलांचं. एका ओळीत साधारण दहा-बारा लग्नं सापडली की तुम्ही सतराव्या शतकात पोचता.

उदाहरण म्हणून क्वेबेकमधलं सगळ्यात जास्त आढळणारं आडनाव घेऊ. त्रांब्लेंची कुठलीही ओळ धरून वर गेलात तरी शेवटी एकाच लग्नापाशी पोचाल: २ ऑक्टोबर १६५७, क्वेबेक, पिएर त्रांब्ले आणि ओझान आशों. पिएर हा फिलिबेर त्रांब्ले आणि झान कोन्ये यांचा मुलगा, पेर्श प्रांतातल्या रांदोने गावचा. ओझान ही झां आशों आणि एलेन रेन्यो यांची मुलगी, ला रोशेलच्या बाजूची. उत्तर अमेरिकेतले झाडून सगळे त्रांब्ले या एका जोडप्याचे. त्यामुळे दोन त्रांब्ले भेटले आणि एकमेकांना 'चुलत' म्हणाले तर ती थट्टा समजू नका.

लग्न कुठे शोधायचं? बहुतेक वेळा नवरीच्या पॅरिशमध्ये. नवरा वीस मैलांवरचा असला तरी लग्न तिच्या गावी लागायचं. कधी? जानेवारी-फेब्रुवारीत किंवा नोव्हेंबरमध्ये शोधलंत तर सापडायची शक्यता जास्त. ईस्टरच्या आधीचे उपवासाचे चाळीस दिवस आणि नाताळच्या आधीचे आठवडे लग्नाला वर्ज्य होते, आणि उन्हाळ्यात शेतीची कामं. कोणी ऐन मार्चमधलं लग्न दाखवलं तर पान पुन्हा उघडून बघा. विशेष परवानगीने लागलेली लग्नं असतात, पण थोडी.

शिडी मोडते ती विधवा-विधुरांच्या पुनर्विवाहापाशी. तिथे पाद्री बरेचदा आईवडिलांची नावं देतच नाही. 'अमक्याची विधवा' एवढंच लिहून मोकळा होतो. अशा वेळी त्या बाईचं पहिलं लग्न शोधायचं, आईवडील तिथे मिळतात. त्या काळी माणसं लवकर मरत आणि मागे राहिलेली लवकर लग्न करत. तीन-तीन लग्नं केलेल्या बायका काही विरळा नाहीत.

आणखी एक खूण वहीतच असते. चर्चचे नियम चौथ्या पायरीपर्यंतच्या नात्यात लग्नाला मनाई करत. असं नातं असेल तर बिशपकडून सूट घ्यावी लागे, आणि ती सूट नोंदीत लिहिली जाई: 'तिसऱ्या पायरीच्या रक्तनात्यातून सूट', म्हणजे पणजोबा-पणजी एकच. हे वाक्य दिसलं की तुमच्या झाडाच्या दोन फांद्या वर जाऊन एकाच जोडप्यात मिळायला हव्यात. मिळत नसतील तर मधलं एखादं लग्न चुकलेलं आहे. पडताळणीची इतकी चांगली सोय सहसा मिळत नाही, तरी बहुतेक लोक त्या ओळीवरून नजर फिरवून पुढे जातात.

तिसरी पायरी: मूळ पान उघडा

अनुक्रमणिकेत नाव सापडलं की काम संपत नाही. प्रत्येक लग्नाचं मूळ पान बघायचंच, असा नियम करून घ्या. फॅमिलीसर्च या संकेतस्थळावर क्वेबेकच्या कॅथलिक पॅरिश-वह्यांची १६२१ ते १९७९ पर्यंतची छायाचित्रं आहेत. खातं उघडावं लागतं, पैसे लागत नाहीत.

अक्षर बघून घाबरायचं कारण नाही. पाद्री एकच साचा वर्षानुवर्षं वापरतो. तीन-चार नोंदी वाचल्या की पाचवी आपोआप उलगडते. आधी तारीख अक्षरी येते. मग चर्चमध्ये तीनदा केलेली लग्नाची घोषणा. मग 'फीस द' म्हणजे अमक्याचा मुलगा, 'फीय द' म्हणजे अमक्याची मुलगी. 'फ्यू' किंवा 'देफ्यां' हा शब्द नावाआधी असेल तर ती व्यक्ती लग्नाच्या वेळी वारलेली होती. एवढ्या एका शब्दाने मृत्यूचा काळ आवळता येतो. 'व्हव' म्हणजे विधवा. बाप्तिस्म्याच्या नोंदीत 'पारें' आणि 'मारेन' हे धर्मपिता आणि धर्ममाता, जे बहुतेकदा मामा, आत्या किंवा आजोबा असतात. म्हणून त्यांचीही नावं उतरवून ठेवा. 'ओंद्वाये' दिसलं तर बाळ जगेल की नाही या धास्तीने घरीच, अनेकदा सुइणीने, घाईघाईत पाणी शिंपडून बाप्तिस्मा उरकला होता असं समजावं. शेवटी साक्षीदार, आणि 'सही करता येत नसल्याचं सांगितलं' हे वाक्य.

महिन्यांत एक फसवी जागा आहे. तारखेत आठचा आकडा आणि त्याला जोडून 'ब्र' असं दिसलं तर तो ऑगस्ट नसून ऑक्टोबर. सात-ब्र म्हणजे सप्टेंबर, नऊ-ब्र म्हणजे नोव्हेंबर, आणि रोमन दहाला जोडलेलं 'ब्र' म्हणजे डिसेंबर. ऑनलाइन झाडांतल्या कितीतरी चुका इथून निघालेल्या आहेत. इंग्रज वसाहतींत १७५२ पर्यंत जुनं कॅलेंडर चालायचं आणि तिथल्या तारखा जुळवताना डोकं पिकतं. फ्रेंचांनी नवं कॅलेंडर १५८२ मध्येच स्वीकारलं होतं, त्यामुळे इथे ती भानगड नाही.

नावांचीही एक तऱ्हा आहे. पुढच्या काळात जवळजवळ प्रत्येक मुलाच्या नावाआधी 'जोसेफ' आणि मुलीच्या नावाआधी 'मारी' लागायला लागलं. 'जोसेफ लुई फिलिप' असेल तर तो घरात बहुधा फिलिप. आणि एखादं मूल दगावलं की पुढच्या मुलाला सर्रास तेच नाव देत. म्हणून बाप्तिस्मा सापडल्यावर त्याच नावाचं तान्हं बाळ पुढच्या दोन-तीन वर्षांत पुरलेलं नाही ना, हे दफनाच्या नोंदींत बघून घ्या.

चौथी पायरी: दुहेरी आडनावं

मिव्हिल 'दी' देशेन. युदों 'दी' बोल्यू. र्वा 'दी' देजार्दें. मधला 'दी' म्हणजे 'ऊर्फ'. फ्रेंच सैन्यात भरती झालेल्या शिपायाला टोपणनाव मिळायचं: लाफ्लर, सान्सूसी, जोलिकर. सैन्य सुटलं तरी नाव चिकटून राहायचं. काहींना ते गावावरून, जमिनीवरून किंवा आईकडून आलं. मग एका भावाची मुलं पहिलं नाव लावतात, दुसऱ्याची ऊर्फ लावतात, आणि एकाच माणसाचा बाप्तिस्मा एका नावाने तर लग्न दुसऱ्या नावाने असतं.

ओळ अचानक तुटली तर नव्वद टक्के वेळा कारण हेच असतं असं माझं मत. अशा वेळी बापाचं आडनाव सोडा आणि आईचं नाव धरा. मारी-मादलेन अमकी, तिचं माहेरचं आडनाव तमकं, या जोडीने शोध घेतला की हरवलेलं कुटुंब वेगळ्या आडनावाखाली सापडतं.

न्यू इंग्लंडकडची माणसं शोधत असाल तर याच्यावर आणखी एक थर चढतो. साधारण १८४० ते १९३० या काळात सुमारे नऊ लाख फ्रेंच कॅनेडियन कापडगिरण्यांतल्या कामासाठी अमेरिकेत गेले. तिथे बुआव्हेर 'ग्रीनवुड' झाले, लब्लां 'व्हाइट' झाले, र्वा 'किंग' झाले. मॅसॅच्युसेट्समधल्या एखाद्या किंगसाहेबांच्या आजोबांच्या थडग्यावर र्वा कोरलेलं असू शकतं.

पाचवी पायरी: साधनं कुठली, कुठल्या क्रमाने

सगळ्यात भरवशाचं साधन म्हणजे पीआरडीएच. मॉन्ट्रियल विद्यापीठात १९६६ मध्ये लोकसंख्याशास्त्राच्या संशोधनासाठी सुरू झालेल्या या प्रकल्पाने पॅरिश-वह्यांतली नोंद न् नोंद उतरवली आणि माणसं एकमेकांशी जोडून कुटुंबं उभी केली. त्याची व्याप्ती १६२१ पासून एकोणिसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत आहे. शोधणं फुकट असलं तरी पूर्ण पान उघडायला पैसे मोजावे लागतात. लहान पॅकेज घ्या आणि नावं आधीच तयार ठेवून बसा, म्हणजे पैसे वाया जात नाहीत.

द्रुएं इन्स्टिट्यूटने १९४० च्या दशकात क्वेबेकभरच्या वह्यांचं मायक्रोफिल्म केलं. त्यांच्या वर्गणीच्या संकेतस्थळावर 'लाफ्रांस' नावाची अनुक्रमणिका आहे आणि तिथून थेट मूळ पानाचं छायाचित्र उघडतं. एकोणिसाव्या शतकासाठी मला हीच सगळ्यात सोयीची वाटते. पैसे भरण्याआधी गावच्या सार्वजनिक ग्रंथालयात विचारा. कॅनडात अनेक ग्रंथालयं सभासदांना अशी साधनं मोफत वापरू देतात.

छापील ग्रंथांत पाद्री सिप्रियें तांगे यांचा सात खंडांचा वंशकोश हा पाया. तो १८७१ ते १८९० दरम्यान छापला गेला आणि आज ऑनलाइन फुकट मिळतो. एकट्या माणसाचं हे काम थक्क करणारं आहे, पण त्यात चुका पुष्कळ आहेत आणि त्या पुढच्या झाडांत जशाच्या तशा उतरल्या आहेत. १७३० पर्यंतच्या कुटुंबांसाठी रने झेते यांचा १९८३ चा एकखंडी कोश जास्त विश्वासाचा.

आणि तयार ऑनलाइन झाडं? दिशा दाखवायला ठीक, पुरावा म्हणून नाहीत. आई मुलापेक्षा नऊ वर्षांनी मोठी, माणूस दफनानंतर दोन वर्षांनी बाप झालेला, असले नमुने एका संध्याकाळी चार सापडतात.

सहावी पायरी: नोटरीचे दप्तर

चर्चच्या वहीत सांगाडा मिळतो. माणूस भेटतो नोटरीच्या कागदांत. पॅरिसचा रीतिकायदा, म्हणजे रूढींवर आधारलेला फ्रेंच कायदा, इथे लागू होता आणि साध्या शेतकऱ्याचाही लग्नाचा करार, जमिनीचा पट्टा, म्हातारपणी मुलाच्या नावे शेत करून देताना घातलेल्या अटी, सगळं नोटरीसमोर व्हायचं. या कागदांची छायाचित्रं बान्कच्या संकेतस्थळावर मोफत आहेत. ती नोटरीवार लावलेली असतात, म्हणून आधी तुमच्या गावाला कुठला नोटरी येत असे ते काढायचं आणि मग त्याची तारखांची यादी उघडायची.

लग्नाचा करार सहसा चर्चमधल्या लग्नाच्या थोडे दिवस आधीचा असतो. विधवेच्या पुनर्विवाहात चर्चने गाळलेले आईवडील इथे मिळू शकतात. पण करार झाला म्हणजे लग्न झालं असं धरू नका. करार मोडून आठवड्याभरात दुसऱ्याशी करार केलेल्या मुली आहेत.

वसाहतीतला सगळ्यात जुना ज्ञात विवाहकरार २७ जुलै १६३६ चा. रोबेर द्रुएं आणि आन क्लुतिए यांचा. क्वेबेकजवळच्या बोपोरची जहागिरी सांभाळणाऱ्या रोबेर जिफार यांच्या घरी तो झाला. नोटरी हाताशी नव्हता, तेव्हा झां ग्वियों या त्यांच्याच बरोबर आलेल्या गवंड्याने तो लिहून काढला. नवरी दहा वर्षांची होती, लग्न पुढच्या वर्षी लागलं. तिचे वडील झाशारी क्लुतिए सुतार होते. त्यांना लिहिता येत नव्हतं, म्हणून सहीच्या जागी ते कुऱ्हाड काढत. आज कुठल्याही क्लुतिएच्या घरी ती कुऱ्हाड चौकटीत लावलेली दिसली तर तिचा उगम हा आहे.

मात्र एकच प्रकारचा कागद वाचायचा असेल तर मरणोत्तर मालमत्तेची यादी वाचा. बाई किंवा बुवा पुन्हा लग्न करणार असेल तर पहिल्या घरातल्या अज्ञान मुलांचा वाटा ठरवायला ही यादी करावी लागे. नोटरी दोन शेजाऱ्यांना घेऊन घरात शिरतो आणि चुलीपासून सुरुवात करतो. लोखंडी हंडा, अर्धा झिजलेला. दोन जुन्या कुऱ्हाडी. एक बंदूक. चादरी किती, त्यांतल्या फाटक्या किती. मग गोठा: गाय, तिचा रंग, तिचं अंदाजे वय, किंमत. शेवटी कोणाकोणाचं देणं. नांगर अर्ध्या भागीचा असला तर तेही. वंशावळीतलं कोरडं नाव इथे एकदम घरसंसार घेऊन समोर येतं.

जमिनीचे पट्टेही चाळा. इथली शेतं नदीकाठी अरुंद आणि मागे लांबच लांब पट्ट्यांची. पट्ट्यात उजवीकडचा आणि डावीकडचा शेजारी नावानिशी लिहिलेला असतो. तीन-चार पट्टे मिळवले की नदीकाठची अख्खी ओळ मांडता येते, आणि लग्नं कोणाकोणात लागली याचं उत्तर बरेचदा त्या ओळीतच असतं.

सातवी पायरी: पहिली पिढी

आता तुम्ही समुद्र ओलांडून आलेल्या माणसापाशी पोचलात. इथे थोडी सावधगिरी हवी. औषधविक्रेता लुई एबेर, पत्नी मारी रोले आणि मुलं १६१७ मध्ये आली. त्यांची मुलगी गियमेत हिचं लग्न १६२१ मध्ये गियोम कुयारशी लागलं. पण १६४० मध्ये क्वेबेकचं चर्च जळालं आणि त्याआधीच्या वह्या गेल्या. त्या काळच्या नोंदी मागाहून लोकांच्या आठवणींवरून पुन्हा लिहिल्या आहेत. तेव्हा १६४० च्या आधीच्या तारखेवर फार जोर देऊ नका.

पुढे जनगणना आहेत. प्रशासक झां तालों यांनी १६६६ मध्ये घेतलेल्या गणतीत ३,२१५ माणसं, नाव, वय आणि धंद्यासह. त्यातून बरेचजण सुटले, म्हणून १६६७ चीही बघा. त्यात गुरं आणि लागवडीची जमीन आहे. १६८१ च्या गणतीत बंदुकासुद्धा मोजल्या आहेत. वयं मात्र सगळी अंदाजपंचे.

आलेल्या माणसांचे ढोबळ गट तीन. एक, तीन वर्षांच्या करारावर आलेले मजूर आणि कारागीर. दोन, १६६५ मध्ये आलेल्या कारिन्यां-सालिएर पलटणीतले शिपाई: सुमारे बाराशे आले आणि चारशेच्या आसपास राहिले. शांब्ली, सोरेल, कोंत्रकर ही गावांची नावं त्यांच्याच अधिकाऱ्यांची. तीन, १६६३ ते १६७३ या काळात राजाच्या खर्चाने पाठवलेल्या सुमारे आठशे लग्नाच्या मुली. घरोघर त्यांना 'राजकन्या' करून टाकलेलं असतं. त्या बहुतांशी पोरक्या किंवा गरीब घरच्या होत्या. काहींच्या विवाहकरारात राजाने दिलेल्या पन्नास लिव्रचा (हे जुनं फ्रेंच चलन) उल्लेख सापडतो. हां, एक अपवाद आहे. याच मुलींतल्या कात्रीन बायों हिने १६६९ मध्ये झाक मिव्हिल 'दी' देशेनशी लग्न केलं. तिची वंशावळ अभ्यासकांनी कागदोपत्री थेट सम्राट शार्लमेनपर्यंत नेली आहे. म्हणजे देशेन आडनावाच्या सुनेने घराण्याचा तोरा मिरवला तर ऐकून घ्यावं लागेल.

समुद्रापलीकडे

लग्नाच्या नोंदीत नवऱ्याचं फ्रान्समधलं पॅरिश आणि त्याचा धर्मप्रांत लिहिलेला असतो: 'अमकं पॅरिश, ला रोशेलचं बिशपक्षेत्र'. आधी 'फिशिए ओरिजिन' या मोफत यादीत नाव बघा. फ्रान्समधला बाप्तिस्मा ज्यांचा सापडलेला आहे असे स्थलांतरित तिथे आहेत. नसेल तर आजच्या फ्रेंच जिल्ह्याच्या अभिलेखागारात जायचं. पेर्शसाठी ओर्न, ला रोशेलसाठी शारांत-मारितीम, रुआं आणि दिएपसाठी सेन-मारितीम. छायाचित्रं फुकट आहेत, पण नावानुसार शोध सहसा नसतो. पान न् पान उलटावं लागतं. अनेक गावांच्या सतराव्या शतकाच्या पूर्वार्धातल्या वह्या उरलेल्याच नाहीत, तेव्हा इथे थांबायची तयारी ठेवा. ला रोशेलच्या माणसाचा बाप्तिस्मा कॅथलिक वहीत नसेल तर प्रोटेस्टंट वह्या उघडा. कॅनडात येताना धर्म बदललेले बरेच होते.

जिथे वाट वेगळी होते

कुटुंब अकादियाचं, म्हणजे आजच्या नोव्हा स्कोशियाकडचं असेल तर १७५५ ची खिंड ओलांडावी लागते. ब्रिटिशांनी त्या वर्षापासून अकादियनांना घरांतून काढून जहाजांत कोंबलं आणि दूरदूरच्या किनाऱ्यांवर सोडलं. पोर्ट-रॉयलच्या १७०२ ते १७५५ च्या वह्या शाबूत राहिल्या. ग्रां-प्रेच्या काही वह्या निर्वासितांबरोबर थेट लुइझियानात पोचल्या. म्हणून अकादियाच्या घराण्यांत सलग शिडी चढता येत नाही. १६७१ आणि १६८६ च्या जनगणना आणि विस्थापितांच्या याद्या जोडत जावं लागतं.

दुसरी बाजू गोऱ्या घराण्यांच्या झाडांतून सहसा गाळली जाते. फ्रेंच कॅनडात गुलामगिरी होती. १७०९ च्या फर्मानाने ती कायदेशीर केली. इतिहासकार मार्सेल त्रुदेल यांनी सुमारे ४,२०० गुलामांच्या नोंदी गोळा केल्या, त्यांत दोन तृतीयांश मूळनिवासी, बाकी कृष्णवर्णीय. बाप्तिस्म्याच्या वहीत त्यांना आडनाव नसतं, फक्त मालकाचं नाव असतं. अशी नोंद घराण्याच्या कागदांत सापडली तर ती उतरवून ठेवा, झाकू नका. 'आमची पणजी मूळनिवासी होती' ही कथाही जवळजवळ प्रत्येक घरात ऐकू येते. काही ठिकाणी ती खरी आहे: १६४४ मध्ये मार्तें प्रेव्हो याने मानितुआबेविच या मूळनिवासी मुलीशी चर्चमध्ये लग्न केलं आणि त्यांचे वंशज आजही आहेत. बाकीच्यांना लग्नाची नोंद दाखवा म्हणावं.

आणि शोध हिंदी महासागरातल्या रियुनियन या फ्रेंच बेटाकडे वळला तर कॅनडाची साधनं चालणार नाहीत. एक्स-आं-प्रोव्हान्सच्या सागरपार अभिलेखागाराचं मोफत संकेतस्थळ उघडायचं. त्या बेटावरच्या पहिल्या फ्रेंच रहिवाशांच्या बायकांत मालागासी, म्हणजे मादागास्करच्या, होत्या, तशाच इंडो-पोर्तुगीजही होत्या. त्यामुळे गोव्याकडच्या वाचकाला तिथल्या वह्यांत ओळखीची नावं भेटू शकतात. पुदुच्चेरी आणि माहेच्या फ्रेंच वह्याही त्याच ठिकाणी आहेत.

नोंदी ठेवायच्या कशा

फ्रेंच वंशशास्त्रज्ञ सोझा क्रमांक वापरतात, तुम्हीही तेच वापरा. मुलाला १ द्या. बापाचा क्रमांक नेहमी दुप्पट, आईचा दुप्पट अधिक एक. म्हणजे बाप २, आई ३, आईचा बाप ६, आईची आई ७. कुठल्याही कागदावर ४७ दिसलं की ती बाई आहे आणि तिचं मूल २३ आहे, हे सॉफ्टवेअरशिवाय कळतं. प्रत्येक क्रमांकापुढे लग्नाची तारीख, पॅरिश आणि मूळ पानाचा दुवा एवढं लिहिलं की पुरे. छायाचित्र उतरवताना फाइलच्या नावातच क्रमांक घाला.

बापाची सरळ ओळ आधी पूर्ण करा, मग आईची, मग आईच्या आईची. सगळ्या फांद्या एकदम धरू नका, दहाव्या पिढीत हजारावर नावं होतात आणि त्यांतली बरीच पुन्हा तीच तीच निघतात. डीएनए चाचणी करणार असाल तर हेच डोक्यात ठेवा. इतक्या लहान वस्तीतून वाढलेल्या समाजात लांबचे नातेवाईकही जवळचे भासतात.

झाड ऑनलाइन टाकताना हयात माणसांची नावं आणि जन्मतारखा लपवा, आणि टाकण्याआधी व्याह्यांना एकदा दाखवा.